स्पितीला सायकलवर जायचंय? मग आधी रात्री झोपायचं कुठे, ते ठरवा

पुण्या-मुंबईच्या सायकल ग्रुपमध्ये दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात एक प्लॅन फिरायला लागतो. 'शिमला ते शिमला, व्हाया काझा. कोण कोण येणार?' खाली अंगठ्यांची रांग लागते आणि मग कुणीतरी हिशोब टाकतं. लूप साधारण ९०० किलोमीटरचा. दिवसाला १०० किलोमीटर धरले तर नऊ दिवस. दोन वीकेंड आणि मधल्या पाच सुट्ट्या मिळून बरोबर नऊ दिवस होतात. जमलं की!

हा हिशोब सपाटीवर बरोबर आहे. पुणे ते गोवा जाताना तो चालतो. स्पितीत मात्र तो चौथ्या-पाचव्या दिवशी कोसळतो, आणि त्यात पायांचा दोष नसतो. हा लूप अंतराच्या हिशोबात मांडलाय, इथेच घोळ आहे. तिथे मोजायची गोष्ट वेगळी आहे: तुम्ही रात्री किती उंचीवर झोपताय आणि काल रात्रीपेक्षा ती उंची किती जास्त आहे.

हा एक आकडा धरून प्लॅन केला की कुठल्या दिशेनं जायचं, किती दिवस लागतील, कुठे थांबायचं आणि कुठून मागे फिरायचं, या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी आपोआप मिळतात. ती एकेक करून पाहू.

हा लूप नेमका आहे कसा?

हिमाचल प्रदेशात शिमल्याहून निघायचं. नारकंडा चढून पलीकडे सतलजच्या काठाला उतरायचं आणि नदीच्या वरच्या अंगाला रामपूर, मग किन्नौर जिल्ह्यातलं रेकाँग पिओ आणि कल्पा गाठायचं. पुढे खाब इथे सतलजला स्पिती नदी येऊन मिळते. तिथून सतलज सोडायची आणि स्पिती नदीच्या बाजूनं नाको, ताबो, काझा, लोसर असं वर वर जात राहायचं. मग ४,५५१ मीटरवरची कुंझुम खिंड ओलांडून चंद्रा नदीच्या खोऱ्यात उतरायचं. बातल, छतरू, ग्रांफू करत मनाली. मनालीहून बियासच्या काठानं औट, तिथून जलोरी खिंड आणि पुन्हा सतलजवर सैंज. सैंजहून परत नारकंडा चढलात की शिमला.

म्हणजे चार नद्यांची खोरी आणि त्यांच्यामधल्या खिंडी. शिमला ते सैंज हा तुकडा जाताना आणि येताना असा दोनदा होतो, बाकी सगळा रस्ता नवा.

दुर्गम म्हणजे किती दुर्गम? लाहौल-स्पिती जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,८०० चौरस किलोमीटरच्या पुढे आहे. आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडंसंच कमी. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात ९४ लाखांवर लोक होते. लाहौल-स्पितीत होते ३१,५६४. एवढी माणसं पुण्याच्या एखाद्या उपनगरात मावतील. त्यामुळे 'पुढच्या गावात बघू' हा आपला नेहमीचा भरवसा इथे चालत नाही. पुढचं गाव तीस किलोमीटरवर असू शकतं आणि मधे एक खिंडही.

शिमल्याकडून जायचं की मनालीकडून?

नकाशात दोन्ही सारखंच दिसतं. उलट मनालीहून काझा फक्त २०० किलोमीटर आणि शिमल्याहून सव्वाचारशे-साडेचारशे. म्हणून अनेकांना मनालीकडून सुरुवात करायचा मोह होतो.

आता अंतर बाजूला ठेवा आणि मुक्कामाच्या उंच्या बघा.

मनाली आहे साधारण २,०५० मीटरवर. तिथून निघालात तर पहिली रात्र छतरूला, म्हणजे ३,३०० मीटरच्या पुढे. दुसरी रात्र बातलला, जवळपास ३,९५० मीटर. तिसऱ्या दिवशी कुंझुम ओलांडून लोसर, ४,०८० मीटर. तीन रात्रींत तुम्ही दोन हजार मीटर वर गेलात.

शिमल्याहून निघालात तर? शिमला २,२०० मीटर, नारकंडा २,७००. मग सतलजच्या काठाला हजार-बाराशे मीटरपर्यंत खाली. रेकाँग पिओ २,२९०. कल्पा २,९६०. नाको ३,६६०. ताबो ३,२८०. काझा ३,६५०. लोसरला पोचाल तोवर तुमची दहावी रात्र असेल.

लोसर तेच, उंचीही तीच. एका दिशेनं तिथे तिसऱ्या रात्री झोपायचं, दुसऱ्या दिशेनं दहाव्या. म्हणून स्पितीचा लूप शिमल्याकडून, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं करायचा.

पण उंचीनं होतं काय?

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईत २१ टक्के असतं आणि कुंझुमवरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. काझाला तो समुद्रसपाटीच्या साधारण ६४ टक्के असतो, कुंझुमवर ५७ टक्के. म्हणजे तेवढाच मोठा श्वास घेतलात तरी आत जाणारा ऑक्सिजन निम्म्याच्या थोडा वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरवर आहे, त्यामुळे सह्याद्रीत कितीही भटकलात तरी या गोष्टीचा अनुभव शरीराला नसतो.

शरीर जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो. तो दिला नाही की डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं सुरू होतं. याला अॅक्यूट माउंटन सिकनेस म्हणतात. दुर्लक्ष केलं तर पुढची पायरी जिवावरची असते: फुप्फुसात पाणी भरणं किंवा मेंदूला सूज येणं. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं ही धोक्याची लक्षणं आहेत. ती दिसली की सकाळची वाट न बघता खाली उतरायचं असतं.

फिटनेसनं यापासून संरक्षण मिळत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या सायकलस्वारांना पटायला जड जाते. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्यालाही हा त्रास होऊ शकतो. उलट तो जोरात चढतो, म्हणून लवकर वर पोचतो. शिवाय दिवसभर सायकल हाणल्यावर डोकं दुखलं की 'ऊन लागलं, पाणी कमी पडलं' असं आपण आपल्यालाच समजावतो.

डॉक्टर आणि गिर्यारोहक एक ढोबळ नियम वापरतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस उंची न वाढवता थांबायचं. दिवसा त्याहून वर जाऊन आलात तर चालतं. मोजायची ती झोपायची उंची. डायमॉक्ससारखं औषध घ्यायचं की नाही, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. ग्रुपमधल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून घेऊ नका.

स्पितीतली खरी अडचण: 'खाली' कुठे आहे?

त्रास झाला तर खाली उतरायचं, हे वाचायला सोपं आहे. आता नकाशा उघडून काझाला बोट ठेवा.

पुढे गेलात तर कुंझुम, म्हणजे आणखी ९०० मीटर वर. मागे गेलात तर ४७ किलोमीटरवर ताबो, जे फक्त पावणेचारशे मीटर खाली आहे. त्याच्या मागे रस्ता चांगोपर्यंत उतरतो आणि मग पुन्हा चढून नाकोला जातो, जे जवळपास काझाच्याच उंचीवर आहे. खऱ्या अर्थानं खाली, म्हणजे अडीच हजार मीटरच्या आत यायला खाब गाठावं लागतं. काझाहून खाब साधारण १४० किलोमीटर. गाडीनंसुद्धा अर्धा दिवस.

थोडक्यात, स्पिती एक उंच परात आहे. तिच्या दोन्ही कडा चढूनच बाहेर पडता येतं. म्हणून इथे आजारी पडल्यावर काय करायचं यापेक्षा आजारी पडू नये म्हणून काय करायचं, यावर प्लॅनिंग खर्च करावं लागतं. काझाला सरकारी रुग्णालय आहे, तिथे प्राथमिक उपचार मिळतात. मोठं रुग्णालय मात्र थेट रेकाँग पिओला.

मग दिवस किती लागतात?

वरचा नियम लावून बसवलेलं एक वेळापत्रक असं होतं. अंतरं ढोबळ आहेत, रस्ता वळवला असेल तर पाच-दहा किलोमीटर इकडे-तिकडे होतात.

- दिवस १: शिमला ते नारकंडा, ६० किमी.
- दिवस २: नारकंडा ते जेओरी, ९० किमी. मोठा उतार, मग सतलजच्या काठानं हळूहळू चढ.
- दिवस ३: जेओरी ते रेकाँग पिओ, ७५ किमी. पोवारीनंतरचे शेवटचे सात किलोमीटर खडे चढाचे.
- दिवस ४: पिओ ते कल्पा, सात-आठ किमी. जवळपास विश्रांतीचा दिवस. समोर किन्नर कैलास.
- दिवस ५: कल्पा ते पूह, ७० किमीच्या आत.
- दिवस ६: पूह ते नाको, ४० किमी.
- दिवस ७: नाको ते ताबो, ६५ किमी.
- दिवस ८: ताबो ते काझा, ४७ किमी.
- दिवस ९: काझात मुक्काम.
- दिवस १०: काझा ते लोसर, ५७ किमी.
- दिवस ११: लोसर ते बातल, कुंझुम ओलांडून ३१ किमी.
- दिवस १२: बातल ते छतरू, ३२ किमी.
- दिवस १३: छतरू ते मनाली, रोहतांगवरून ८० किमीच्या आसपास.
- दिवस १४: मनालीत विश्रांती.
- दिवस १५: मनाली ते बंजार, ९५ किमी.
- दिवस १६: बंजार ते आनी, जलोरी खिंडीवरून.
- दिवस १७: आनी ते नारकंडा.
- दिवस १८: नारकंडा ते शिमला.

त्यात दोन दिवस राखीव धरा. झाले वीस. ग्रुपवरच्या हिशोबात होते नऊ.

एवढी सुट्टी नसेल तर मनालीला थांबा आणि तिथून बसनं परत या. राखीव दिवस धरून पंधरा दिवसांत बसतं आणि लूपचा सगळ्यात दुर्गम भाग हातचा जात नाही. त्याहून कमी वेळ असेल तर शिमला ते काझा करून त्याच रस्त्यानं बसनं परतणं हा शहाणपणाचा पर्याय आहे. कमी दिवसांत बसवण्यासाठी कल्पा किंवा काझाचा थांबा गाळणं हा पर्याय नाही.

यातले तीन दिवस नीट समजून घ्या

पहिला, नाकोचा. खाबच्या पुलापासून नाको साधारण १,२०० मीटर वर आहे आणि हा चढ तीसेक किलोमीटरमध्ये आहे. डोणज्यातून सिंहगडाचा घाट चढताना आपण साडेपाचशे-सहाशे मीटर वर जातो. म्हणजे सामानासकट दोन सिंहगड, एकापाठोपाठ एक, सावलीला झाड नाही. शिवाय इथे पाचशे मीटरचा नियम मोडतो, कारण मधे मुक्कामाची सोयीची जागा नाही. कल्पाच्या २,९६० मीटरवर दोन रात्री आधी झोपून आलेलं शरीर हे बऱ्यापैकी झेलतं आणि दुसऱ्या रात्री ताबोला आपण पुन्हा खाली येतो. कल्पाचा थांबा 'फक्त फोटोंसाठी' म्हणून गाळणाऱ्यांना त्याची किंमत नाकोत कळते. पायात दम असेल तर नाकोला जेवून पुढे चांगोला उतरून झोपा, ते तीन हजार मीटरच्या आसपास आहे.

दुसरा, काझाचा विश्रांतीचा दिवस. या दिवशी सामान खोलीवर टाकून रिकाम्या सायकलवर की गोम्पा आणि पुढे ४,२७० मीटरवरचं किब्बर करून या. वर जाऊन शरीराला चुणूक दाखवायची आणि झोपायला खाली यायचं. मात्र सकाळी डोकं दुखत असेल तर कुठेही जायचं नाही, पडून राहायचं.

तिसरा, बातल ते छतरू. फक्त ३२ किलोमीटर. कागदावर हा अर्ध्या दिवसाचा खेळ वाटतो. पण लोसरच्या पुढे ग्रांफूपर्यंत मोठ्या भागात डांबर नाही, दगडगोटे आणि वाळू आहे. रुंदीकरणाचं काम सुरू असल्यानं त्यात बदल होत राहतो. खरी परीक्षा आहे ती रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांची. हे नाले बर्फ वितळून येतात. रात्री थंडीनं वितळणं मंदावतं, म्हणून सकाळी पाणी घोट्याएवढं असतं. दुपारी ऊन तापलं की तोच नाला गुडघ्यापर्यंत चढतो आणि खालचे दगडही सरकवतो. म्हणून या टप्प्यावर उजाडता उजाडता निघायचं आणि दुपारच्या आत मुक्कामाला पोचायचं.

शेवटी एक झटका बाकी राहतो. मनाली झाली, आता संपलंच, असं वाटत असताना जलोरीचा ३,१२० मीटरचा खडा घाट येतो. त्यानंतर सैंज ते नारकंडा हा जवळपास १,८०० मीटरचा चढ. तीन सिंहगड. फरक एवढाच की तोपर्यंत तुमची फुप्फुसं तयार झालेली असतात.

रोहतांगच्या खालून ९ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. बंद बोगद्यात ट्रक-बसच्या मधे सायकल घालायच्या फंदात पडू नका. रोहतांग चढायची ताकद नसेल तर कोकसरहून पिकअपमध्ये सायकल टाका.

कोणत्या महिन्यात?

कुंझुम साधारण जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरनंतर बर्फानं बंद होतो. म्हणजे चार महिने हातात. पण त्यातलेही सगळे सारखे नाहीत.

स्पिती पर्जन्यछायेत आहे, तिथे जुलै-ऑगस्टमध्येही फारसा पाऊस नसतो. यावरून अनेकजण 'पावसाळ्यात स्पिती मस्त' असा निष्कर्ष काढतात. पण स्पितीत पोचायला किन्नौरमधून जावं लागतं आणि तिथे पाऊस पडतो. २५ जुलै २०२१ रोजी किन्नौरमध्ये बटसेरीजवळ दरड कोसळून पर्यटकांच्या गाडीतल्या नऊ जणांचा जीव गेला. त्यानंतर अडीच आठवड्यांनी, ११ ऑगस्टला, निगुलसरी इथे राष्ट्रीय महामार्ग ५ वर डोंगर खाली आला. त्यात एक एसटी बस आणि इतर गाड्या सापडल्या, २८ जण गेले. निगुलसरी आपल्या तिसऱ्या दिवसाच्या रस्त्यावर आहे.

जूनमध्ये दरडींचा धोका कमी, पण बर्फ जोरात वितळत असल्यानं नाले भरलेले. म्हणून सायकलसाठी सगळ्यात बरा काळ म्हणजे सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पाऊस ओसरलेला, नाले उतरलेले, आकाश स्वच्छ. किन्नौरमध्ये सफरचंदांचा हंगाम असतो, त्यामुळे महामार्गावर ट्रक मात्र भरपूर. आणि हाही काळ हमखास नाही: सप्टेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात लाहौल-स्पितीत अचानक बर्फ पडून शेकडो लोक अडकले होते. ते दोन राखीव दिवस यासाठीच ठेवायचे.

सायकल कोणती?

रोड बाइकचे २५ किंवा २८ मिलिमीटरचे टायर काझापर्यंत कसेबसे जातील, कुंझुमपलीकडे नाही. किमान ४० मिलिमीटरचे टायर बसतील अशी ग्रॅव्हल, टूरिंग किंवा साधी हार्डटेल एमटीबी घ्या.

टायरइतकाच महत्त्वाचा आहे गिअर. उंचीवर, सामानासकट, खड्या चढाला तुमचा वेग तासाला पाच किलोमीटरवर येतो. रोड बाइकचा सगळ्यात हलका गिअर बहुतेक पुढे ३४ आणि मागे ३४ दात असा असतो. यात एका पेडलला सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. पाचच्या वेगात म्हणजे मिनिटाला चाळीस पेडल. इतक्या हळू फिरणाऱ्या पेडलवर सगळा भार गुडघ्यांवर येतो आणि तेही रोज. पुढे ३० आणि मागे ४० दात असतील तर त्याच वेगात मिनिटाला ५३ पेडल होतात आणि धाप आवाक्यात राहते. दुकानात रंगाआधी दात मोजा, ते यासाठी.

सुटे भाग शिमल्यातूनच घेऊन निघा, कारण नंतर सायकलचं धड दुकान मनालीत. डिरेलर हँगर, स्पोक, ब्रेक पॅड, चेनची जोडकडी, ट्यूब आणि पंप हे सोबत हवेच. ग्रुपमधल्या किमान दोघांना ते बसवता आले पाहिजेत.

कागद, पैसे, फोन

भारतीय नागरिकांना या लूपसाठी वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ ठेवा. परदेशी पासपोर्ट असलेला मित्र किंवा भाऊ सोबत येत असेल तर त्याला किन्नौर आणि स्पितीमधल्या सीमेलगतच्या पट्ट्यासाठी परवाना लागतो. तो आधी काढून घ्या. एटीएम काझाला आहे, पण त्यावर विसंबू नका, रोख रक्कम पिओहूनच भरून घ्या. लोसर सोडल्यावर छतरूच्या पुढेपर्यंत फोन लागत नाही असंच धरून चाला. घरच्यांना 'दोन-तीन दिवस फोन येणार नाही' हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तिकडे तुम्ही मॅगी खात असता आणि इकडे शोधाशोध सुरू होते.

तयारी काय करायची?

सह्याद्रीत उंचीचा सराव होत नाही, पण चढाचा होतो. दोन दिवस लागोपाठ, सामान लादून घाट चढा. पहिल्या दिवशी पाय काय करतात यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी काय म्हणतात, हे कळलं पाहिजे. उतारावर भरलेली सायकल थांबायला किती अंतर घेते, तेही इथेच बघून घ्या.

आणि मागे कुठून फिरायचं?

हे निघण्याआधी, घरी बसून, सगळ्यांनी मिळून ठरवायचं. या लूपमध्ये माघारीच्या सोयीच्या जागा दोन आहेत: रेकाँग पिओ आणि काझा. दोन्हीकडून हिमाचलची एसटी मिळते आणि टपावर सायकल चढवता येते. काझाला नवव्या दिवशी संध्याकाळी ग्रुपनं बसून तीन प्रश्न विचारावेत. कुणाचं डोकं दुखतंय का? कुंझुमवरचं हवामान कसं आहे? सगळ्यात मागे राहणारा माणूस उद्या सलग तीन दिवस काढेल का? तिन्हींची उत्तरं बरोबर आली तरच लोसर.

त्या संध्याकाळी 'एवढं आलोय तर' हे कारण चालणार नाही, असंही आधीच ठरवून टाका. काझाहून बसनं परत आलेला माणूस पुढच्या सप्टेंबरमध्ये पुन्हा जाऊ शकतो.

आता ग्रुपवरचा तो मेसेज पुन्हा उघडा आणि '९०० भागिले १००'च्या जागी मुक्कामांची यादी टाका, प्रत्येक गावासमोर उंची लिहून. अंगठे कदाचित कमी येतील. जे येतील त्यांच्यासोबत जायला हरकत नाही.